रेती कुठली, की बसली कशी?

बरीच वर्षं मी एक मत घट्ट धरून होते. रेती चांगली तर काम चांगलं, रेती वाईट तर काम वाईट. आम्हा नागपूरकरांसाठी चांगली रेती म्हणजे कन्हान नदीची. स्वच्छ, जाडसर, मुठीत घेतली तर बोटांना टोचणारी. माती-परीक्षणाच्या कामात आल्यावरही हे मत सुटलं नाही. उलट आता त्याला आकड्यांचा आधार आहे, असं वाटू लागलं. चाळण्यांचे निकाल, गाळाचं प्रमाण, दाण्याची जाडी हे सगळं शेवटी रेती कुठून आली याच प्रश्नाकडे जायचं.

आज मी तसं मानत नाही. रेतीचं बळ थोडं तिच्या दाण्यात असतं आणि बरंचसं ते दाणे एकमेकांशेजारी कसे बसले आहेत यात असतं. शिवाय ‘घट्ट’ किंवा ‘सैल’ हा रेतीचा कायमचा गुणही नाही. तिच्यावर किती दाब आहे, यावरही तो ठरतो. हा दुसरा भाग मान्य करायला मला पहिल्यापेक्षा जास्त काळ लागला.

मी गांधीबागेत वाढले. घाऊक कापडाचा बाजार, अंगावर येणाऱ्या गल्ल्या, गठ्ठे लादलेल्या हातगाड्या, एका अंगाला सेंट्रल अव्हेन्यू आणि दुसरीकडे महाल-इतवारी. अशा जुन्या वस्तीत जमिनीखाली जागेची गर्दी फार. पाण्याची लाइन, गडर, केबल, जे काही नवीन टाकायचं ते खोदूनच. दिवसा बाजार असतो, म्हणून खोदणं आणि बुजवणं रात्री. सकाळी दुकानं उघडायच्या आत गल्ली मोकळी हवी असते. मग पहिला मोठा पाऊस येतो आणि जिथे खोदलं होतं तेवढाच पट्टा खाली जातो, अगदी सरळ रेषेत, पट्टीने आखल्यासारखा. याचं एकच स्पष्टीकरण मी लहानपणापासून ऐकत आले: माल हलका होता. रेती खाल्ली, मुरूम खाल्ला. मीही तेच म्हणायची. काही ठिकाणी ते खरं असेलही. पण एकदा मी साधा हिशोब मांडून पाहिला, आणि त्या स्पष्टीकरणाची गरजच उरली नाही.

रेती सैल पडलेली असली की एका घनमीटरमध्ये साधारण १४०० किलो मावते. तीच रेती थर करून कंप देऊन बसवली तर १७०० किलोपर्यंत जाते. आता एक मीटर वीस सेंटीमीटर खोल चर उत्तम रेतीने भरा, पण नुसती ओतून, १४०० च्या घनतेने. पुढे पावसाने आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी ती १६०० वर आली, पूर्ण घट्टही नाही, अधेमधे कुठेतरी. रेतीचा एक दाणाही कुठे गेलेला नाही. तरी एकशेवीस सेंटीमीटरचा थर आता एकशेपाच सेंटीमीटरचा झाला. पंधरा सेंटीमीटरचा खड्डा! कुणी काही खाल्लं नाही, रेती कन्हानचीच होती, आणि गल्लीत स्कूटरचं चाक अडकेल एवढा खड्डा पडला.

हे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. ते मी इतकी वर्षं मांडलं नाही, कारण उत्तर मला आधीच ठाऊक आहे असं वाटत होतं.

मत खरं हललं ते प्रयोगशाळेत, कातरपेटीच्या चाचणीत. ही एक चौकोनी पेटी असते, सहा सेंटीमीटर बाजूची, आडवी दोन भागांत कापलेली. आत रेती भरायची, वरून वजन ठेवायचं आणि खालचा अर्धा भाग हळूहळू सरकवायचा. सरकवायला किती जोर लागतो ते एका घड्याळावर दिसतं आणि झाकण वर-खाली किती झालं ते दुसऱ्यावर. ही चाचणी मी असंख्य वेळा केली होती, पण नजर नेहमी पहिल्या घड्याळावर. जोराचा सर्वांत मोठा आकडा टिपायचा, अहवालात घर्षणकोन, म्हणजे रेती सरकण्याला किती विरोध करते याचं माप, लिहायचा, विषय संपला. एका दुपारी एकाच पोत्यातली रेती मी दोन प्रकारे भरली, एकदा नरसाळ्यातून अलगद सोडून आणि एकदा थराथराने ठोकून, आणि दोन्ही वेळा लक्ष दुसऱ्या घड्याळावर ठेवलं. सैल रेतीचं झाकण हळूहळू खाली गेलं. ठोकलेल्या रेतीचं झाकण वर उचललं गेलं. वरून वजनाचा दाब कायम होता, तरी वर!

घट्ट बसलेल्या दाण्यांना सरकायचं तर शेजारच्या दाण्यावर चढून पलीकडे जावं लागतं. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत गुंतवून ते सरकवून पाहा, आधी ते एकमेकांपासून दूर होतात आणि मगच सरकतात. त्या चढण्यात वरचं वजन उचललं जातं आणि ते उचलायला जोर लागतो. घट्ट रेतीची जास्तीची ताकद म्हणतात ती हीच. सैल रेतीचा घर्षणकोन ३० अंशांच्या आसपास येतो. तीच रेती घट्ट बसवली की ४० अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. नंतर मी कन्हानची रेती आणि दगड फोडून केलेली रेती सारख्याच घट्टपणाला आणून शेजारी ठेवल्या. त्या दोघींत फरक होता. पण एकाच रेतीच्या सैल आणि घट्ट रूपांतला फरक त्याहून ठळक होता. ज्या गोष्टीवर मी वाद घालत होते ती लहान निघाली आणि जिच्याकडे दुर्लक्ष करत होते ती मोठी.

हे सगळं १८८५ पासून माहीत आहे. मँचेस्टरला शिकवणारे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्या वर्षी दाण्यांच्या या फुगण्यावर निबंध लिहिला. त्यांचा प्रयोग घरीही करता येतो. रबरी फुग्यात रेती भरायची, तिच्यातल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरायच्या, तोंडाला काचेची नळी लावायची आणि फुगा दाबायचा. पाणी नळीत वर चढेल असं प्रत्येकाला वाटतं. ते खाली जातं. दाबल्याने दाणे एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या रेतीत पाऊल टाकलं की पावलाभोवतीची रेती क्षणभर कोरडी दिसते ना, त्याचं कारण हेच. भाचरांना मी हा फुगा दाखवते तेव्हा ती पुन्हा पुन्हा दाबून बघतात. मला स्वतःला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

गंमत अशी की आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, इतवारीच्या धान्यबाजारात, भरण्याच्या पद्धतीने माप बदलतं हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. १९५६ चा मापांचा कायदा येऊन किलो रूढ होईपर्यंत धान्य पायलीने, कुडवाने मोजलं जायचं, म्हणजे आकारमानाने. एकदम भस्सकन ओतलं की दाणे जसे पडतील तसे अडकतात आणि पायली कमी धान्यात भरते. बारीक धार धरून थोडं उंचावरून सोडलं की प्रत्येक दाण्याला नीट बसायला अवकाश मिळतो आणि त्याच पायलीत जास्त धान्य मावतं. घेणारा म्हणायचा, ठोकून भरा. देणाऱ्याचा हात झटपट चालायचा. प्रयोगशाळेत आम्ही नमुने तयार करतो तेव्हा रेतीच्या धारेची जाडी आणि पडण्याची उंची अगदी याच कारणासाठी ठरवून घेतो.

दाण्यांनी भांड्यातली किती जागा भरू शकते, हा प्रश्न गणितातही जुना आहे. एकाच आकाराचे गोळे रचण्याची सर्वांत दाट पद्धत फळवाल्याच्या राशीची, तिच्यात ७४ टक्के जागा भरते, असं केप्लरने १६११ मध्ये म्हटलं. सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली, आणि संगणकाकडून तिची काटेकोर तपासणी पुरी व्हायला २०१४ उजाडलं. पण गोळे हाताने न रचता नुसते ओतून हलवले तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास अडतात. फारच अलगद सोडले तर ५५-५६ टक्क्यांवरही उभे राहतात. दाणा गोल नसेल तर चित्र पुन्हा बदलतं. २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ‘एम अँड एम’ या चपट्या चॉकलेटच्या गोळ्या भरून पाहिल्या, तर त्या नुसत्या हलवूनही ६८ टक्क्यांपर्यंत बसल्या. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ५५ आणि ६४ मधलं अंतर. तेच गोळे, तेच भांडं, आणि त्या नऊ टक्क्यांत ढीग डळमळीत आहे की भार पेलणारा, हे ठरतं.

वेगवेगळ्या मापांचे दाणे मिसळले की मोठ्यांच्या फटीत लहान बसतात आणि घनता आणखी वाढते. गिट्टीत चुरी आणि मुरूम घालून रोलर फिरवायची जुनी पद्धत त्यावरच उभी आहे. मात्र बारीक माल फार झाला की मोठे दाणे एकमेकांना टेकतच नाहीत, नुसते तरंगतात.

आता माझ्या दुसऱ्या मतांतराकडे येते. कातरपेटीनंतर काही काळ मी दुसऱ्या टोकाला गेले होते. घट्ट म्हणजे चांगलं, जितकं ठोकाल तितकं उत्तम, असं सांगत सुटले. आर्थर कासाग्रांदे यांचं रेतीच्या सरकण्यावरचं १९३६ चं काम मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याचा अर्थ मला पेटीसमोर पुन्हा बसल्यावर लागला. घट्ट रेती सरकवत राहिलं की तिचा जोर एका शिखरावर जातो आणि मग उतरू लागतो, कारण दाणे चढून झालेले असतात आणि मधली जागा वाढलेली असते. सैल रेती सरकवत राहिलं की तिचे दाणे पोकळ्यांत घसरतात, ती दाटते आणि तिचा जोर हळूहळू वाढतो. पुरेसं सरकवलं की दोघी एकाच घनतेला आणि एकाच जोराला येऊन थांबतात. कोणाची सुरुवात कुठे झाली होती, हे तिथे ओळखता येत नाही.

म्हणजे घट्टपणा ही साठवलेली ताकद आहे आणि ती खर्च होते. एकदा जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे सरकली की आपण घातलेली मेहनत त्या पट्ट्यात पुसली जाते. घट्ट रेतीचा उतार त्यामुळेच अचानक सुटतो. शिखरापर्यंत ती ठाम उभी असते, मग एका पातळ पट्ट्यात तिचं बळ झपाट्याने उतरतं आणि सगळी हालचाल तिथेच गोळा होते. अहवालात शिखराचा आकडा लिहायचा की त्यानंतर उरणारा, हा प्रश्न मी आता प्रत्येक कामाला वेगळा विचारते.

आणि दाबाचं काय? वरचा दाब जितका जास्त, तितकं दाण्यांना एकमेकांवर चढणं अवघड. फार दाब असेल तर ते चढायचं सोडून घासतात, कोपरे फुटतात. म्हणून गल्लीच्या चरात जी रेती फुगते, म्हणजे घट्टपणे वागते, तीच त्याच घनतेला एखाद्या उंच धरणाच्या पोटात दाटत जाते, म्हणजे सैल असल्यासारखी वागते. घनमीटरला १६०० किलो हा आकडा मी कागदावर लिहिला तर रेती घट्ट आहे की सैल, हे त्यावरून पूर्ण कळत नाहीच. किती खोल, किती भाराखाली, हे शेजारी लिहावं लागतं. केंब्रिजला रॉस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये हे सगळं एका चौकटीत बसवलं. मला ती चौकट सुंदर वाटते. मातीसारख्या अस्ताव्यस्त गोष्टीला इतकी साधी शिस्त असेल, असं कोणाला वाटलं असतं?

यात पाणी आलं की सैलपणा जीवघेणा होतो. पाण्याने भरलेली सैल रेती हादरली की दाणे पोकळ्यांत घसरू पाहतात, पण तिथलं पाणी लगेच निघून जाऊ शकत नाही. मग वरचा भार दाण्यांवरून पाण्यावर जातो, दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन काही क्षण द्रव होते. १६ जून १९६४ च्या भूकंपात जपानमध्ये निगाता इथे चार मजली इमारती अशाच कलल्या. त्यांतली एक तर जवळपास आडवी झाली, आणि इमारत म्हणून ती फारशी मोडलेलीही नव्हती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून रेती-पाणी उसळून वर आलं आणि कांडला बंदरातल्या कार्यालयाचा मनोरा कलला. घट्ट रेती अशा वेळी फुगू पाहते, पाणी आत ओढते आणि तिची पकड टिकून राहते.

नागपूर भूकंपाच्या नकाशात शांत भागात येतं, म्हणून आपल्याला हे परकं वाटतं. मलाही वाटायचं. पण सैल, पाण्याने भरलेले कण आपल्याकडेही साठवले जातात. औष्णिक केंद्रांची राख पाण्यात मिसळून तलावात सोडतात. पाण्यातून संथपणे खाली बसलेला कण सैलच बसतो, त्याला कोणी ठोकत नाही. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत वाहत गेली. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ ला खाणीच्या गाळाचा बांध कोसळून २७० माणसं गेली. तिथे भूकंप झाला नव्हता. सैल, ओला गाळ एकाएकी वाहू लागला. हे वाचल्यापासून ‘चर बुजवणं’ या कामाकडे मी किरकोळ काम म्हणून पाहू शकत नाही. प्रमाण लहान आहे, पण प्रश्न तोच आहे.

पाण्याविषयी माझं आणखी एक मत गेलं. आमच्याकडे मिस्त्री सांगतात, “म्याडम, पानी मारा, आपोआप बसते.” मी मान डोलवायची. स्वच्छ रेती असेल, खालून पाणी निघून जात असेल, तर भरपूर पाण्याने ती काही प्रमाणात बसते, हे खरं आहे. पण थोडं पाणी उलटच करतं. पाच टक्के ओल असली की दाण्यांभोवतीचा पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो आणि रेतीचा ढीग पाव पटीने, कधी त्याहूनही जास्त फुगतो. ब्रासने, म्हणजे आकारमानाने, रेती घेताना ओली रेती घेणारा या फुगवट्याचेही पैसे देतो. शिवाय भरपूर पाणी मारूनही रेती मध्यम घट्टपणापर्यंतच पोचते. त्यापुढे कंपच लागतो. आणि खोदलेल्या चरातून निघालेली काळी माती त्यात मिसळली असेल, तर पाण्याने काहीच साधत नाही. ती माती मुळात दाण्यांची नाही, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिला त्या चरातून बाजूला ठेवणं एवढंच करता येतं.

म्हणून आज कोणी मला विचारलं की नदीची रेती मिळत नाही, फोडलेली चालेल का, तर मी आधीसारखी नाक मुरडत नाही. तिचे दाणे कोपऱ्यांचे असतात, एकमेकांत चांगले अडकतात. पण त्याच कारणाने ती ओतल्यावर जास्त सैल पडते आणि बसवायला जास्त मेहनत मागते. ती मेहनत होणार असेल तर चालेल. नदीतून आणखी रेती उपसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, आणि कन्हानवर प्रेम असलेली मी हे मनापासून म्हणते.

आता मी चरासाठी जे मागते ते साधं आहे. पंधरा ते वीस सेंटीमीटरचे थर, त्याहून जाड नाही, कारण वरून दिलेला कंप त्याखाली फारसा पोचत नाही. प्रत्येक थरावर हाताने चालणारा कॉम्पॅक्टर किंवा रॅमर, कारण अरुंद चरात रोलर उतरतच नाही. मुरूम असेल तर ठरलेली ओल. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवलं की फार कोरडी मातीही नीट बसत नाही आणि फार ओलीही नाही, मध्ये एक योग्य ओल असते. ती शोधायची पद्धत आजही आपल्या मानकांत आहे. आणि थर झाल्यावर चाचणी. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, एवढ्याशा गल्लीला एवढं कशाला? त्याच्यावर माझा राग नाही. रात्रीचे चार-पाच तास त्याच्या हातात असतात, आणि त्याच्या बिलात लांबी-रुंदी-खोली मोजली जाते, घनता नाही. जोवर पैसे आकारमानाचे मिळतात तोवर भरणारा आकारमानच भरेल.

चाचणीसाठी थरात एक छोटा खड्डा करतात, निघालेली माती तोलतात आणि खड्ड्यात नळकांड्यातून ठरावीक रेती सोडून त्याचं आकारमान काढतात. म्हणजे जमिनीची घनता आम्ही रेतीच्या घनतेनेच मोजतो, आणि ती रेती दर वेळी सारखीच सैल पडेल या भरवशावर. बाजूने टेम्पो गेला, हातगाडी आदळली, की खड्ड्यातली रेती दाटते, जास्त रेती आत जाते, खड्डा आहे त्याहून मोठा वाटतो आणि चांगला बसवलेला थर कागदावर नापास होतो. गांधीबागेच्या गल्लीत हे फार सहज होतं. त्यामुळे रेती सुटत असेपर्यंत दोन्ही टोकांना माणूस उभा करून गाड्या थांबवाव्या लागतात. दुकानदार कुरकुरतात, ओळखीचे असले तर नावाने हाक मारून कुरकुरतात. मी त्यांना थांबायलाच सांगते.